सुमीच्या लग्नातला डीजे

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमीचं लग्न माझ्या हातून मोडता मोडता राहिलं.

रत्नागिरीत लॅपटॉप बघायला शेजारी यायचे, तेव्हाची ही गोष्ट. लग्नात सनईची कॅसेट लावून भागलं असतं, पण मला डीजे व्हायचं होतं! सॉफ्टवेअर निवडलं, कारण त्यात पडद्यावर दोन तबकड्या गरगर फिरत. बटणांचा खोका निवडला, कारण त्यावर दिवे जास्त होते.

"हा खोका त्या सॉफ्टवेअरला चालतो का, बघितलंत?" दुकानदाराने विचारलं.

"वायर बसते ना?"

(वायर बसली. बाकी काहीच बसलं नाही.)

लग्नाच्या सकाळी मंडणगडहून वऱ्हाड आलं. नवऱ्या मुलाचे काका निवृत्त फौजदार. ते सरळ माझ्या टेबलाशी आले. "सनईशिवाय काही ऐकू आलं, तर वऱ्हाड परत नेईन."

मंगलाष्टकं सुरू झाली. मागे मंद सनई. भटजींनी खूण केली, "जरा बारीक करा." मी आवाजाची पट्टी खाली ओढली. आवाज तसाच, सनई मात्र पळायला लागली! खोक्यावरची आवाजाची पट्टी सॉफ्टवेअरला वेगाची वाटत होती, तीही उलटी: खाली ओढली की वेग वाढे. मी घाबरून पट्टी पार तळाशी नेली. सनई कुत्रं मागे लागल्यासारखी सुटली, आणि तिच्या नादाने भटजीही!

"अहो, आवरा! श्वास पुरत नाही!" भटजी ओरडले.

मी 'बंद'चं बटण दाबलं. कर्ण्यातून पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजला!

फौजदारकाका ताडकन उभे राहिले. "कुठे? कुठे?" अर्धं वऱ्हाड दाराकडे धावलं. आचारी मागच्या दाराने पळाला (का, ते आजवर कळलेलं नाही). मी खोक्याची वायर उपटली. खोका विझला, लॅपटॉप बोंबलतच राहिला!

"कर्ण्याची वायर ओढ, मेल्या!" अण्णा, म्हणजे आमचे वडील, गरजले.

अंतरपाटामागून सुमीचा रडवेला आवाज आला, "दादा, माझं लग्न आहे रे हे!"

वायर शोधायचं भानच राहिलं नाही. लॅपटॉप पोटाशी कवटाळून मी धूम ठोकली. कर्ण्याची वायर आपोआप सुटली, भोंगा थांबला. मी मात्र थांबलो तो बागेतल्या आंब्याच्या कलमाआड. आता वऱ्हाडाच्या गाड्या सुरू होणार म्हणून कान टवकारले. ऐकू आलं, "शुभमंगल सावधान!" मग टाळ्या. मी मटकन खालीच बसलो.

इतक्यात पाचोळा वाजला. समोर फौजदारकाका!

"काका, चुकलो," मी उभा राहत हात जोडले.

"पुढच्या महिन्यात नातवाची मुंज आहे. तुमच्या घरच्या सगळ्यांनी यायचं."

"हो काका! मी सनई..."

"तू घर राख."

मुंजीला सगळे मंडणगडला गेले. मी दिवसभर घर राखलं, आणि भीतीने रेडिओसुद्धा लावला नाही!