इंग्लंडचा कर साखरखेर्ड्यात

दिनांक ९ मार्च २०२५, रविवार. रक्कम ४१,३६० रुपये. खामगावच्या आमच्या घरी हजर: मी, बायको आणि साखरखेर्ड्याहून आलेला तिचा धाकटा भाऊ.

बायको गोधडीचे नमुने काढते. मेव्हण्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. त्यानेच ते नमुने एका परदेशी साइटवर विकायला लावले. गिऱ्हाइकाने फाइल विकत घ्यायची, छापायची आपली आपण. गिऱ्हाईक बहुतेक इंग्लंडचं. पैसे बायकोच्या खात्यात यायचे, हिशेब माझ्याकडे. पहिल्याच महिन्यात मी विचारलं, तिकडच्या विक्रीकराचं काय?

"वीस टक्के लागते. माह्याकडे पाठवत जा भाऊजी, मी भरतो," मेव्हणा म्हणाला.

सव्वीस महिने पाठवले, एकूण ४१,३६० रुपये. दर वेळी त्याने आणून दिलेली पावती फाइलला लावली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका इंग्रज बाईने एक पान उघडत नाही म्हणून कळवलं, सोबत तिची पावती जोडली. नमुना पाच पौंड, कर एक पौंड, एकूण सहा. खाली लिहिलेलं की कर साइटने घेऊन सरकारला भरला. म्हणजे आमचं देणं काहीच नव्हतं. इथल्या कर सल्लागाराला दाखवलं. तो म्हणाला, एवढ्याशा विक्रीवर आपला जीएसटीही लागत नाही.

त्या रविवारी मी बाईची पावती आणि आमची फाइल मेव्हण्यापुढे ठेवली.

"तू कोणत्या सरकारले भरले बे?"

तो बहिणीकडे बघू लागला.

"त्याले काऊन विचारता, मले विचारा," बायको म्हणाली. "पावत्या मीच छापाले सांगतल्या. त्याच्या पोरीची नर्सिंगची फी होती."

"मले मागाचे होते," मी मेव्हण्याला म्हणालो.

"मागतले होते त्यानं. दहा हजार मागतले, तं तुम्ही स्टँपपेपर आण म्हणले. कर भराले मात्र एक दिवस उशीर नाही केला."

"फेडतो मी, भाऊजी."

"काही फेडू नको," ती त्याला म्हणाली. "नमुने माहे आहेत."

खरं होतं. पैसे तिचेच होते. पण दर महिन्याला मी रक्कम पाठवत असताना ती शेजारी बसायची आणि विचारायची, "भरला का कर?" सव्वीस वेळा विचारलं तिने.

सल्लागाराला पाचशे रुपये मी दिले. ३१ मार्चला बायकोने आपल्या मोबाइलवरून भावाला १,५२० रुपये पाठवले. मला ते पासबुक भरून आणल्यावर कळलं.