टोळीच्या दिवशी समुद्रावर

लेकीनं आमची खोली मोबाईलवरूनच ठरवली. कुंभार्ली घाट उतरून कोकणात, समुद्राकाठचं छोटं गाव. एका बाईच्या घरातली मागची खोली, सकाळचा नाश्ता त्यातच, मुक्काम तीन रात्रींचा. "आई, तू कायबी करायचं न्हाई, नुस्तं बसायचं," असं तिनं बजावलं होतं. नुस्तं बसायचं म्हणे! ज्याला सवय असेल त्याला ते सोपं.

पहिल्याच सकाळी उजाडायच्या आत जाग आली. गोठा नाही, चूल नाही, हात रिकामे. उठले, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि त्या बाईचं अख्खं अंगण झाडून, सडा टाकून मोकळी झाले. ती बाहेर आली नि कपाळावर हात मारला. "अहो ताई, तुम्ही पाहुण्या ना? लोक काय म्हणतील मला?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं गरम घावणे आणि नारळाचा रस समोर ठेवला, तरी माझं बूड टेकेना. दुसरी बाई राबतेय आणि मी बसून खातेय, हे माझ्या अंगवळणीच पडलेलं नाही.

आमचे हे तर माझ्यावर कडी. फौजेतनं रिटायर झालेला माणूस, पण एका हातात घावणा आणि दुसऱ्या हातात मोबाईल. घरी रानात ऊस उभा होता. तोडणीची टोळी कधी येईल त्याचा नेम नसतो, आणि आली तेव्हा घरचं कोणी उसाच्या फडात नसलं तर पाळी दुसऱ्याला जाते. मग महिनाभर ऊस उभ्यानं वाळतो. ह्या आठवड्यात टोळी येत नाही, असं सांगून हे निघाले होते खरे, पण जीव सगळा तिकडंच.

आणि फोन वाजलाच. टोळी उद्या सकाळी आमच्या फडात!

"आवर," हे म्हणाले. "आत्ताची यष्टी घावली तर रातच्याला घरी." आणि लागले की पिशवी भरायला.

मी अजून समुद्र धड बघितलासुद्धा नव्हता. आदल्या दिवशी पोचेस्तोवर अंधार पडला होता, नुसता आवाज ऐकला होता. नवी नवरी होते तेव्हापासून हे म्हणत होते, "पुढच्या सुट्टीत तुला समुद्र दावतो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. जास्त राग याचा आला, की माझाही हात पिशवीकडंच चालला होता.

"तुमी जावा," मी म्हटलं. "मी न्हाई येत."

"एकटी? परक्या गावात? येडी का खुळी?"

"आवं, तुमी सरहद्दीवर हुतासा तवा टोळीमागं कोण पळत हुतं? लेक काखंत घिऊन मीच न्हवं का? एक डाव तुमी सांभाळा की!"

ह्यांनी भरलेली पिशवी परत उघडली. मग माझी लुगडी पिशवीतनं काढून खाटेवर ठेवली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वाळूत जाऊन बसले. समुद्र लय मोठा, पण मला कुठं धड बघवतंय! उठले, चालले, परत बसले. टोळीला चहा मिळाला असेल का? उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं जनावरांसाठी बाजूला काढलं असेल, का तेही ट्रॅक्टरवाल्यानं नेलं? माझा मेलीचा जीव काही जागेवर नव्हता.

दुपार कलताना ह्यांचा फोन आला. आवाजात धाप. "ट्रॉली रुतलीया. ड्रायव्हर वरडतोय, टोळीतल्या बायका पानी मागत्यात, म्हशी दावं तोडाय लागल्यात. काय करू?"

"चाकाखाली उसाचं वाळलेलं पाचट टाका. शेजारच्यांचा ट्रॅक्टर बोलवा. म्हशींना वाढं टाका आधी," मी सांगत गेले. बऱ्याच वेळानं ट्रॉली निघाल्याचा कालवा फोनमधून ऐकू आला. तरी ह्यांनी फोन ठेवला नाही.

"तू कसं करत हुतीस गं ह्ये समदं?"

इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. उत्तर मी मनात कितीदा घोळवलं होतं, चांगलं झणझणीत. आता नुसता हुंदका फुटला.

"रडतीस व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "रडतीया. जरा रडू द्या."