सरळ रेषेतलं ऑकलंड

“फ्रीजवाली शवपेटी परत पाठवलीत?” मी खुर्चीतून उठलोच.

निलेश माझ्या पेणच्या तिकीट ऑफिसात काउंटरला टेकून उभा होता. खाडीकाठच्या गावचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. त्याचे वडील पहाटे गेले होते. बहीण सुरेखा न्यूझीलंडला, ऑकलंडच्या वृद्धाश्रमात नोकरीला. तिला बापाचं तोंड बघायचं होतं, म्हणून हा तिकीट काढायला आला होता.

“मोबाईलवर हाय ना भाऊ, ऑकलंड ते मुंबई पंधरा तास,” तो म्हणाला. “उद्या सकाळच्या ओहोटीला ती हजर. तवर बर्फ पुरंल.”

मी कपाळाला हात लावला. या वेबसाइटवाल्यांना काय जातंय! दोन एअरपोर्टमधली सरळ रेषा मोजायची, विमानाच्या वेगानं भागायची, आकडा फेकायचा. त्या रेषेवरून विमान जातं की नाही हे कोण बघतो? ऑकलंडहून मुंबईला थेट फ्लाइट नाही. मध्ये सिंगापूरला उतरून दुसऱ्या विमानाची वाट बघत बसायचं. त्याला आम्ही लेओव्हर म्हणतो. वर इमिग्रेशन, बॅगा आणि मग आपला हायवे. सगळ्यात लवकरची सीट तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंबईत उतरवत होती.

त्यांच्या गावची अडचण वेगळीच. स्मशान बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला. अमावास्येच्या उधाणात भर दुपारी तिथं पाणी चढतं. म्हणून सकाळी ओहोटीलाच न्यायचं आणि पाणी यायच्या आत जाळून मोकळं व्हायचं. संध्याकाळच्या ओहोटीला अंधार पडतो, आणि अंधारात ते अग्नी देत नाहीत. म्हणजे सुरेखासाठी आणखी एक रात्र थांबायला हवं होतं. मी पेटीसाठी फोन फिरवले. परत आलेली पेटी तोवर रोह्याकडे रवाना झाली होती. दुसरी मिळेना.

निलेशनं चुलत्यांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी परोपरीनं विनवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“माझा सख्खा भाव हाय तो,” ते म्हणाले. “वास याय लागल्यावर पोरीला काय दाखवू?”

निलेश बाकावर बसून ढसाढसा रडायला लागला. त्याच्यावर चिडलो होतो, पण त्या घडीला त्याची फार दया आली. सुरेखाला फोनवर सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

“मी पोचेन ना भाऊ?”

“नाही पोचणार, ताई.”

“तरी तिकीट काढा,” ती म्हणाली.

ती सिंगापूरला बसलेली असताना इकडे अग्नी दिला गेला. रात्री वडखळच्या ट्रॅफिकमधून ती घरी पोचली. सकाळी निलेश तिला खाडीवर घेऊन गेला. उधाणात तिथली राख सावडत नाहीत, खाडीच नेते. चिखलात उभी राहून ती विचारत होती, नक्की कुठं ठेवलं होतं? त्याला जागा दाखवता येईना. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

आता कोणी विमानाचं अंतर विचारलं की मी किलोमीटर सांगत नाही. आधी विचारतो, घरी कोणाला थांबवून ठेवलंय?