तीन गुणांची आघाडी आणि अकरा सेकंद

बास्केटबॉलच्या मॅचमधली शेवटची दोन मिनिटं कोर्टावरच्या घड्याळात दोनच असतात. मी एकदा मनगटावरच्या घड्याळात मोजली, तर सतरा निघाली. शिट्टी, फ्री थ्रो, टाइमआऊट, पुन्हा शिट्टी. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचं कारणही नव्हतं. मी आमच्या कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे. मुलींचा संघ बाहेर खेळायला गेला की सोबत एक बाई हवी असा नियम आहे. रविवार द्यायला एकही प्राध्यापिका तयार नव्हती, म्हणून मॅनेजर म्हणून माझं नाव गेलं. ओळखपत्रं, पाण्याच्या बाटल्या, बर्फ आणि सेफ्टी पिना एवढं माझं काम. पहिलं वर्ष मी बाकावर बसून पेन्शनच्या फायली वाचल्या.

दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत आम्ही क्वार्टर फायनल हरलो, आणि ज्या पद्धतीनं हरलो ती मला खटकली. वीस सेकंद उरली होती, आम्ही एका गुणानं मागे होतो. आमच्या कोचसरांनी टाइमआऊट मागितला. टेबलावर गुणपत्रक लिहिणाऱ्या माणसानं मान हलवली.

"संपले तुमचे."

"कसे संपले? हाफमध्ये तीन मिळतात. दोनच घेतले मी."

"एक कटला, सर."

"कटला म्हणजे? भाजी आहे काय?"

सर त्याच्याशी भांडत राहिले, तिकडे खेळ सुरू झाला. काय करायचं हे मुलींना सांगितलंच नव्हतं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि बॉल रेषेबाहेर गेला. मॅच खतम.

टेबलवाल्यानं बेइमानी केली असं सरांचं ठाम मत झालं. मला ते पटेना. इतक्या शांतपणे कोणी बेइमानी करत नाही. सोमवारी मी क्रीडा विभागाच्या कपाटातून नियमांचं पुस्तक मागवलं. हवा गेलेल्या चेंडूंच्या खाली ते सापडलं. शासन निर्णय वाचण्यात माझ्या नोकरीची वर्षं गेली आहेत. कुठलाही नियम हातात आला की त्यातला 'परंतु' कुठे आहे ते मी आधी शोधते. तो तिथे होताच. दुसऱ्या हाफमध्ये तीन टाइमआऊट, परंतु शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोन. त्याआधी एकही वापरला नसेल तर एक आपोआप बाद. आमच्या किरकोळ रजेसारखंच. डिसेंबर संपला की गेली.

सर त्यांच्या खेळण्याच्या काळापासून तिन्ही टाइमआऊट शेवटासाठी जपून ठेवत आले होते. मी पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"मॅडम, हे कधी झालं?"

"पुस्तकावर बुरशी आहे. म्हणजे होऊन बराच काळ झाला."

"म्हणजे मीच हारवली मॅच."

"तुम्ही एक टाइमआऊट घालवला. मॅच कशानं गेली ते मला माहीत नाही."

मी हे त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते. मला खरंच माहीत नव्हतं, आणि तेव्हापासून ते जाणून घ्यायची ओढ लागली. पुढच्या मॅचना मी फायली नेल्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी बैठकीत विषय काढला. ग्रंथालयामागच्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टाची जागा दुचाकींच्या पार्किंगला द्यायची. गाड्या फाटकाबाहेर रस्त्यावर लागत होत्या, पोलीस उचलून नेत होते. तक्रार खोटी नव्हती. सरांनी एक वर्ष मागून घेतलं. प्राचार्य म्हणाले, "ठीक आहे. मुलींचा संघ फायनलला गेला तर कोर्ट राहील. नाही तर जूनपासून पार्किंग." इतिवृत्त मीच लिहिलं. सर तासिका तत्त्वावरचे, पण त्या कोर्टाच्या रेषा दर दिवाळीच्या सुट्टीत ते स्वतः दोरी लावून रंगवायचे. बैठकीतून बाहेर पडल्यावर ते सरळ तिकडेच गेले.

त्याच आठवड्यात कोर्टाच्या पायऱ्यांवर चहा घेताना मी त्यांना माझा प्रश्न विचारला.

"सर, आपण तीन गुणांनी पुढे आहोत, दहा सेकंद उरलीत, बॉल त्यांच्याकडे आहे. तुम्ही मुलींना हात वर करून उभं राहायला सांगता. मग समोरची लांबून मारते, तीन गुण होतात आणि बरोबरी. त्याआधीच तिच्यावर फाऊल का नाही करायचा? तिला एकेका गुणाचे दोन फ्री थ्रो मिळतील. दोन्ही आत गेले तरी आपण एकानं पुढे."

सरांनी चहा संपवला. "कागदावर बरोबर आहे, मॅडम. पण फाऊल कराले बी अक्कल लागते. ती बॉल मारतानी हात लागला तर तीन फ्री थ्रो. बॉल सोडून नुसतं अंगच धरलं तर फ्री थ्रो बी त्यांचे अन् बॉल बी त्यांचाच. अन् आपल्या पोरी…"

"आपल्या पोरी काय?"

"उद्या या. दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बॉल एका मुलीच्या हातात दिला आणि कॅप्टनला फाऊल करायला सांगितलं. कॅप्टन हिंगण्याहून येते, शेवटच्या वर्षाला, चेंडू हातात असला की कोणाचं ऐकत नाही. ती धावत गेली, समोरचीच्या दंडाला दोन बोटं लावली, मग तीच बोटं स्वतःच्या छातीला लावली आणि म्हणाली, "सॉरी." तोवर समोरचीनं बास्केट केला होता.

"काहून वं, तुले फाऊल कर म्हटलं का पाया पड म्हटलं?"

"केला ना, सर."

"मले नाही दिसला, रेफरीले काय दिसन?"

"जोरात केला तर लागन ना तिले!"

बॉलवाली ओरडली, "लागू दे ना वं! मी काय काचेची आहो?"

सगळ्या हसल्या, सर हसले नाहीत. ही सवय त्यांनीच लावली होती. कोर्ट लहान, खाली सिमेंट, धक्का लागला की गुडघे फुटतात आणि भांडणं होतात. म्हणून धक्का लागला की हात लावून सॉरी म्हणायचं, असा त्यांचा कित्येक वर्षांचा शिरस्ता होता. घरी कोणाला पाय लागला तर आपण जे करतो तेच मुली कोर्टावर करत होत्या, आणि आता ते हाडात मुरलं होतं.

सरांनी तो शिरस्ता त्या दिवशी रद्द केला. पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त फाऊलचा सराव. स्टॉपवॉच आणि शिट्टी माझ्याकडे. लेखा विभागातली मंडळी खिडकीतून बघून हसायची. मी दखल घेतली नाही. नियम सोपा होता. समोरचीनं बॉल वर उचलायच्या आत, दोन्ही हात बॉलवर, आणि रेफरीला ऐकू जाईल असा फटका. सगळ्यांत उशिरा शिकली ती पहिल्या वर्षाची, मौद्याहून येणारी उंच मुलगी. तिचा हात आठ दिवस छातीकडे जात राहिला. मग एका संध्याकाळी तिनं कॅप्टनच्या हातावर असा फटका मारला की मी शिट्टी वाजवायची विसरले.

"आता जमलं," कॅप्टन हात चोळत म्हणाली. "पण हे दुसऱ्या कॉलेजसाठी ठेव ना वं, माहे आई."

सेमी फायनल एका मोठ्या कॉलेजच्या लाकडी कोर्टावर होती. जिंकलो तर फायनल, म्हणजे कोर्ट वाचलं. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन मिनिटं दहा सेकंद असताना मी सरांना कोपरानं ढोसलं.

"टाइमआऊट घ्या."

"खेळ मस्त चालू आहे, मॅडम. आत्ता काहून?"

"आत्ता नाही घेतला तर बाद होतो."

त्यांनी घेतला. मुलींनी पाणी प्यायलं, श्वास घेतला. बाकीचे दोनही पुढच्या दीड मिनिटात कामी आले.

अकरा सेकंद उरली तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो आणि बॉल त्यांचा होता. त्या क्वार्टरमधले आमचे फाऊल भरलेले. पुढच्या फाऊलला त्यांना दोन फ्री थ्रो नक्की. टाइमआऊट त्यांनी मागितला. आमच्या मुली सरांभोवती गोळा झाल्या. कॅप्टनच्या नावावर चार वैयक्तिक फाऊल होते, पाचवा झाला की ती बाहेर. त्यामुळे तिला सांगता येत नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम?"

"कोच तुम्ही आहात," मी म्हणाले. मी अंग काढून घेत नव्हते. बर्फ आणि पिना माझ्याकडे, निर्णय त्यांच्याकडे. शिवाय ते काय ठरवतात हे मला बघायचं होतं.

त्यांनी मौद्याच्या मुलीच्या खांद्यावर बोट ठेवलं. "तू कर. बॉलवर. अन् ऐकू आला पाहिजे."

पाच सेकंद उरली असताना तिनं तो केला. तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेला. शिट्टी, दोन फ्री थ्रो, सगळं जसं बसवलं होतं तसं. पहिला आत गेला. आता आम्ही दोनानं पुढे. दुसरा आत गेला तरी एकानं पुढे. मी मनात हिशेब बंद केला, आणि तीच चूक झाली.

त्यांच्या मुलीनं दुसरा थ्रो आत टाकायचा प्रयत्नच केला नाही. तिनं बॉल सपाट, जोरात रिंगवर आदळला. मुद्दाम. बॉल तिच्या हातातून सुटला तेव्हा मला ते कळलं. आमच्या तीन मुली रिंगच्या जवळच्या जागांवर, तो आत जायची वाट बघत हात खाली सोडून उभ्या. त्यांची एक दणकट मुलगी दोघींच्या मधून आत घुसली, उडालेला बॉल पकडला आणि परत टाकला. बरोबरी. जादा वेळेत कॅप्टनचा पाचवा फाऊल झाला आणि आम्ही चार गुणांनी हरलो.

परतताना गाडीत मौद्याची मुलगी माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, सॉरी नाही म्हटलं मी."

"बघितलं. फाऊल उत्तम होता."

"मग हारलो काहून?"

"त्याचाच विचार करतेय," मी म्हणाले.

पुढच्या बैठकीत प्राचार्यांना सगळं कळलेलं होतं. "तीन गुणांनी पुढे असताना तुम्ही त्यांना फ्री थ्रो दिले? कोणी सांगितलं होतं?"

"मी," सर म्हणाले.

हे खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. मी पेन खाली ठेवलं. "कल्पना माझी होती."

"तुमची?"

मी विषयपत्रिकेच्या मागे अर्धवर्तुळ आणि रिंग काढून समजावलं. प्राचार्य रसायनशास्त्राचे. आधी रागात ऐकत होते, मग प्रश्न विचारायला लागले. बॉल त्यांनी लांबून मारला असता तर? फाऊल आठ सेकंद असताना केला असता तर? पुढचा, वसतिगृहाच्या टाकीचा विषय तसाच राहिला.

"मग चुकलं कुठे?"

सरांनी उत्तर दिलं. "दुसरा थ्रो चुकला तर आत येणाऱ्या पोरीले कोणी अडवायचं, हे शिकवलंच नाही. फाऊलपर्यंतच विचार केला आम्ही."

"म्हणजे प्रयोग अर्धा केलात."

"हो."

"पण अट अट आहे. इतिवृत्तात लिहिली आहे."

अट मीच लिहिली होती, त्यामुळे नाकारायचा प्रश्न नव्हता. पण किती जागेवर पार्किंग, हे इतिवृत्तात कुठेच नव्हतं. आदल्या दिवशी मी शिपायाला घेऊन फाटकाबाहेरच्या गाड्या मोजल्या होत्या. तिरप्या लावल्या तर अर्ध्या कोर्टात बसत होत्या. तो कागद मी पुढे सरकवला. प्राचार्यांनी चष्मा काढून तो पाहिला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि 'अर्धे' असं लिहून सही केली.

सर बाहेर येऊन म्हणाले, "अर्ध्या कोर्टावर टीम होते काय, मॅडम?"

"धावायचा सराव नाही होणार. त्याला रविवारी दुसरं मैदान बघू. पण शेवटच्या अकरा सेकंदांत खेळ एकाच रिंगखाली होतो."



जूनपासून एका रिंगखाली स्कूटरी उभ्या असतात. दुसऱ्या रिंगखाली मुली दुसरा फ्री थ्रो मुद्दाम चुकवतात आणि तिघी मिळून आत येणारीला पाठीनं अडवतात. बॉल उडून स्कूटरींवर जातो, दोन आरसे फुटलेत. त्यातला एक माझा. सरांचं म्हणणं, पुन्हा तशी वेळ आली तर फाऊल नाही, हात वर. माझं म्हणणं, फाऊल बरोबर होता, पुढचं शिकवलं नव्हतं. एका मॅचवरून कोण बरोबर ते ठरत नाही, हे दोघांनाही कळतं.

परवा त्यांनी पुन्हा तोच प्रसंग लावला. तीनानं पुढे, अकरा सेकंद, बॉल समोरच्यांचा.

"या टायमाले हात वर," ते म्हणाले.

"आधी सांगा," मी शिट्टी हातात घेत म्हणाले, "त्यांच्यात लांबून मारणारी कोण आहे, आणि फ्री थ्रोत कच्ची कोण?"

 सरांनी पोरींना बोलावलं आणि कोण लांबून मारणारी, कोण कच्ची ते सांगत समोरच्या संघात एकेकीला उभं करायला लागले.