प्रचाराच्या गाडीवरचा पायलट

नदीपलीकडच्या वसाहतीत त्याला सगळे पायलट म्हणत. विमान त्याने कधी जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं. तो बस चालवायचा, वसाहतीपासून पूल ओलांडून शहरातल्या मोठ्या दवाखान्यापर्यंत आणि परत. पण अशी चालवायचा, की मागे बसलेल्या म्हातारीच्या हातातलं दूध हिंदकळू नये. खड्डा आला की गाडीला जणू हाताला धरून त्यातून पलीकडे न्यायचा. कुणीतरी थट्टेने पायलट म्हटलं आणि ते चिकटलं. बायकोसुद्धा रागावली की म्हणायची, "उतरा आता खाली, पायलट."

गाडीवर त्याच्या जोडीला कायम एकच कंडक्टर. पायलट त्याला मास्तर म्हणायचा. मास्तर लहानपणी बापाचं बोट धरून सीमेपलीकडून आलेला. इथली भाषा घडाघडा बोलायचा, फक्त चिडला की उच्चार वाकडेतिकडे व्हायचे. मग प्रवासी हसत, त्यांच्याबरोबर मास्तरही हसायचा, आणि भांडण जागच्या जागी मिटायचं. पायलटच्या मुलीला सायकल शिकवली ती मास्तरनेच. बापाने दोनदा प्रयत्न केला होता, पण पोर डुगडुगली की त्याचाच जीव वरखाली व्हायचा.

मग डेपोत साहेबांनी बोलावून सांगितलं, वसाहतीची गाडी बंद.

"तोट्यात जाते."

"साहेब, सकाळी पाय ठेवायला जागा नसते गाडीत."

"सकाळी नसेल. आम्हाला दिवसभराचं बघावं लागतं. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

पायलटला डेपोत गाड्या धुवायला लावलं, आणि काही काळाने मुदतीआधीच घरी बसवलं. मास्तरलाही नारळ मिळाला. त्याने वसाहतीच्या चौकात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि आठवडाभरात तिथे असा रमला, जणू जन्मभर पंक्चरच काढत होता. पायलटला तसं रमता आलं नाही. तो सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसायचा. बायको म्हणायची, "कुठे जायचंय का?" तो म्हणायचा, "छे."

खरं जायचं होतं ते बायकोला. तिला छातीचं दुखणं होतं आणि तपासणीसाठी वरचेवर दवाखान्यात जावं लागायचं. गाडी होती तेव्हा दारात चढली, दारात उतरली. आता पुलापर्यंत पायपीट, तिथून दुसरी गाडी, तीही आली तर. दोनदा त्यांना पोचायला उशीर झाला. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईने मान वर न करता नवी तारीख दिली. मग बायकोच म्हणू लागली, "आज राहू द्या. पुढच्या वेळी जाऊ."

एका सकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती खाली बसली, ती उठलीच नाही. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर चौकात रस्ता विचारत फिरत होता. ज्या रस्त्यावरून पायलट डोळे मिटून गाडी नेऊ शकला असता, तो रस्ता शहरात आता कुणाला ठाऊकच नव्हता.

मुलगी आली. ती दूरच्या शहरात कॉलेजात शिकवायची. काही दिवस राहिली, आईची कपाटं आवरली, आणि तिकडच्या परीक्षा होत्या म्हणून गेली. शेजारीपाजारी दारात उभे राहून "काही लागलं तर सांगा हं" म्हणून गेले. मास्तर मात्र रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचा. पत्ते पिसायचा, वाटायचा, हरायचा. बायकोचा विषय त्याने कधी काढला नाही. त्याला वाटायचं, जखमेला हात कशाला लावा. आणि पायलटला तर कुणीतरी नेमका तोच हात लावावा असं वाटत होतं.

तो हात लावला टीव्हीवाल्याने. चौकात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो हल्लीच एका नव्या पक्षात शिरला होता. हा देश इथल्यांचा, बाहेरून आलेल्यांनी बाहेर जावं, एवढं साधं सरळ त्या पक्षाचं म्हणणं. तो आला, चपला काढून आत बसला आणि म्हणाला, "काका, काकूंचं नेमकं काय झालं? मला सगळं सांगा."

पायलटने सगळं सांगितलं. साहेब, पूल, खिडकीतली बाई, कपड्यांच्या घड्या. टीव्हीवाल्याने मधे एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं. त्याची आईही त्याच दवाखान्यात ताटकळत गेली होती. टीव्हीवाला लबाड असता तर बरं झालं असतं. पायलटने माणूस ओळखला असता.

"काका, दवाखान्यात रांगेत तुमच्या पुढे कोण होतं?"

"लोक होते."

"कुठले लोक? आठवून बघा. आपली गाडी चालवायला पैसे नाहीत म्हणतात, आणि तिकडे नव्या वस्त्यांना पाणी, वीज, शाळा. तुम्हाला काय कळत नाही? तुम्हाला सगळं कळतं. तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

पायलटला आठवत होतं. रांगेत सगळ्याच तऱ्हेचे लोक होते, बहुतेक आपलेच. पण दुःखाला कुठेतरी जायचं असतं, आणि इतके महिने ते घरातल्या घरात भिंतींना धडका देत होतं. टीव्हीवाल्याने त्याला दार उघडून दिलं. दार कुठे उघडतं हे पायलटने विचारलं नाही.

निवडणूक आली तेव्हा टीव्हीवाला म्हणाला, "काका, प्रचाराच्या गाडीला माणूस हवाय. तुमच्यासारखा हात कुणाचा आहे?"

पायलट पुन्हा स्टेअरिंगवर बसला. साधा टेम्पो, टपावर दोन कर्णे, बाजूंना नेत्याचं हसरं चित्र. पण क्लच दाबला आणि त्याच्या अंगात वारं भरलं. रस्ता तोच. पूल, शाळा, चौक. म्हाताऱ्या बायका दारातून हात करत होत्या, "पायलट, आला का रे परत?" शेजारी बसलेला पोरगेला कार्यकर्ता माइकवरून काय ओरडतोय, याकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याचं लक्ष खड्ड्यांकडे होतं.

चौकात गर्दी होती म्हणून त्याने गाडी हळू केली. ती नेमकी मास्तरच्या दुकानासमोर हळू झाली. कर्ण्यातून आवाज घुमला, "घुसखोरांना हाकला! आपल्या ताटातलं ओरबाडणाऱ्यांना हाकला!" मास्तर उलट्या केलेल्या सायकलचं चाक फिरवत होता. त्याने वर पाहिलं, आधी कर्ण्याकडे, मग काचेतून पायलटकडे. मग पुन्हा चाकाकडे.

संध्याकाळी तो आला, पण बसला नाही.

"अरे, ते तुझ्याबद्दल नाही," पायलटच आधी म्हणाला. "तू आपला माणूस आहेस."

"मग कुणाबद्दल?"

"ते... नवीन आलेत ते."

"कोण? नाव सांग. मला एक दाखव, मी पण शिव्या देतो त्याला."

पायलटने पत्त्यांचा जोड त्याच्यापुढे सरकवला.

"तू ओरडत नव्हतास, हे मला माहितीये," मास्तर म्हणाला. त्याचे उच्चार वाकडे व्हायला लागले होते, पण आज हसणारं कुणी नव्हतं. "पण गाडी तू चालवत होतास."

मुलीला बातमी कुठूनशी कळली. तिने फोन केला. "बाबा, तुम्ही त्या लोकांबरोबर? लाज नाही वाटत? ते तुम्हाला वापरून घेताहेत आणि तुम्हाला कळतही नाही."

"मला कसं कळणार? मी ड्रायव्हर माणूस."

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणालीस," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. साहेबाच्या केबिनमधला तो जुना आवाज आपल्या पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकावा, हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्या फोनआधी त्याच्या मनात थोडी चलबिचल होती. फोननंतर ती उरली नाही. दुसऱ्या दिवशी तो ठरल्या वेळेच्या आधी टेम्पोपाशी हजर झाला.

पक्ष निवडून आला. चौकात फटाके आणि झेंडे. टीव्हीवाल्याने भर चौकात त्याला मिठी मारली. पण वसाहतीची गाडी काही सुरू झाली नाही. पायलट टीव्हीवाल्याच्या नव्या ऑफिसात विचारायला गेला तेव्हा बाहेरच्या बाकावर त्याला बराच वेळ बसावं लागलं. मग टीव्हीवाला घाईघाईने बाहेर आला, खांद्यावर हात ठेवला, "काका, आधीच्यांनी खजिना रिकामा करून ठेवलाय. होईल, होईल," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

जे व्हायचं ते मात्र भराभर झालं. बाहेरून आलेल्यांच्या दुकानांचे परवाने नव्याने तपासायचं ठरलं. मास्तरचा बाप मरून किती वर्षं झाली होती, त्याचे जन्मापासूनचे कागद आता कुठून आणायचे? दुकानाला सील लागलं. मास्तरचा थोरला मुलगा दूर एका बंदरावर कामाला होता. त्याने आईबापाला बोलावून घेतलं.

सामान भरायच्या दिवशी पायलट गेला. दारात मास्तरची बायको उभी होती. तिने त्याला पाहिलं आणि ती आत निघून गेली. जी बाई "भाऊजी, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही" म्हणून वाट अडवायची, तिने पाठ फिरवली. मास्तर एकटाच लोखंडी कपाट हलवायच्या खटपटीत होता. पायलटने दुसरी बाजू धरली. मास्तरने नको म्हटलं नाही. दोघांनी ते जिन्यावरून खाली आणलं, वळणावर थांबून, एकमेकांचा अंदाज घेत. ट्रकमध्ये ठेवल्यावर मास्तरने हात झटकले.

"मास्तर, मला वाटलं नव्हतं..."

"मला माहितीये तुला वाटलं नव्हतं," मास्तर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि पायलटला तेच सोसवलं नाही. ट्रक सुटला. ट्रकचा ड्रायव्हर नवखा होता, पहिल्याच खड्ड्यात त्याने गाडी आदळली. पायलटचा हात आपोआप पुढे झाला.

पुढच्या निवडणुकीला प्रचाराच्या गाडीवर दुसरा कुणी तरुण होता. पायलट मत द्यायला पायी गेला. संध्याकाळी मुलीचा फोन आला. एवढ्या वर्षांत दोघं हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते.

"मत दिलंत?"

"दिलं."

"कुणाला?"

"त्यांनाच."

"बाबा! एवढं होऊनसुद्धा?"

"तुझी आई गेली तेव्हा माझ्यापाशी येऊन दुसरं कोण बसलं होतं?"

मग ती हळूच म्हणाली, "मास्तरकाका बसायचे ना, बाबा. रोज."

फोन पायलटच्या कानालाच होता. खाली रस्त्यावरून कुणाची तरी मोटरसायकल गेली, तिचा आवाज विरेपर्यंत तो ऐकत राहिला. मुलीला आपण बोलून गेलो याचं वाईट वाटलं असावं.

"जेवलात का?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

तो जेवला नव्हता.