चार डिस्कमधलं हसू

शोधणं सोपं जावं म्हणून मीच चारही हार्ड डिस्क जोडून एक केल्या. आता आईचा पापड लाटतानाचा व्हिडिओ त्यात कुठे गडप झालाय, मलाच कळत नाही. सगळं एकत्र ठेवलं की हाताशी राहतं, हा आपला भ्रम. अर्धांगवायूनंतर आईचा निम्मा चेहरा हलत नाही. शेजारी बसून ती पुन्हा विचारते, "मी हसतेय तो सापडला का रे?"

"शोधतोय गं."

कॉम्प्युटरला फाइलचं नाव हवं, आणि मला आठवतो फक्त तिचा पिठाने माखलेला गाल. शोध थांबवावा, तर वाटतं, आत्ता सापडेल. उठताही येत नाही. शेवटी चिडून मी 'हसू' असं टाइप केलं. एकही फाइल आली नाही. आई मात्र स्क्रीनकडे बघतच राहिली, उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याने हसायच्या तयारीत.