संस्थान खालसा

ओल्या हळदीचा वास आला की माधवनगरचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. सांगलीत राजाचं राज्य असताना जन्मलेल्या सासूबाई त्याला ‘माझं संस्थान’ म्हणायच्या. मी साताऱ्याची, मला तिथं मिठाची बरणीसुद्धा हलवायची मुभा नव्हती. एका दुपारी लोणच्यासाठी हळद किसताना त्यांच्या हातून परात कलंडली आणि फरशी पिवळी झाली. पाटावर बसूनच त्यांनी किसणी माझ्याकडं सरकवली. मग म्हणाल्या, “सांभाळ गं आता तूच. आमचं संस्थान झालं खालसा.” आम्ही दोघी हसलो, हसू आधी त्यांचं थांबलं. आज सुनेनं माझ्या हातातली किसणी हळूच काढून घेतली. “आई, तुम्ही बसा.” माझ्या तोंडून सासूबाईंचं तेच वाक्य निघून गेलं. तिनं विचारलं, “संस्थान म्हणजे देवळाचं ना?” “व्हय,” म्हटलं, आणि बसले.